नकलेची पूजा कोण करते

माझी आई ब्लाउज बेतायची तेव्हा आधी वर्तमानपत्रावर कापायची. कापड शेजारी घडी घालून ठेवलेलं असायचं, पण कात्री पहिल्यांदा लागायची ती कागदाला. कागद फसला तर दुसरा कागद. मलकापूरला आमच्या गल्लीतल्या दहा-बारा घरांची शिवण तिच्याकडे यायची, आणि तिनं कुणाचं कापड वाया घालवलं असं मी कधी ऐकलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते की मला ही अक्कल कुणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती. ती मी घरूनच घेऊन आले होते. तरी माझ्या हातून जे व्हायचं ते झालंच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कार्यालयात मी कॉम्प्युटरवर बसायचे. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. काम सांगते. ज्यांना नोकरी नाही त्यांची नावं तिथं नोंदवून घ्यायची, आणि कुठं जागा निघाल्या की नोंदणीच्या क्रमानं त्यांना बोलावणं धाडायचं. जो आधी आला तो आधी. दर तीन वर्षांनी येऊन नाव चालू ठेवावं लागायचं. नाही आलात तर नाव जायचं, आणि नावाबरोबर वाट पाहण्यात गेलेली सगळी वर्षंही जायची. पुन्हा नोंदवलं तर रांगेच्या शेपटाला. माझं स्वतःचं नाव त्या यादीत सहा वर्षं होतं. बोलावणं आलं ते त्याच कार्यालयात, तेही सहा-सहा महिन्यांच्या हुकमावर. तेव्हा वाट पाहणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, असंही मला म्हणता येत नाही.

मशीन नवीनच आलं होतं. अशी मशीनं जिल्ह्यात तेव्हा बोटावर मोजण्याइतकी होती. त्याच्या खोलीला काचेचं दार, आत गार हवा, चपला बाहेर काढायच्या. माझं शिक्षण म्हणाल तर नागपूरला तीन आठवडे. एकेका तालुक्याची नावं एकेका फ्लॉपीवर असायची. फ्लॉपी म्हणजे पंजापेक्षा जरा मोठी, काळी, पातळ, पापडासारखी वाकणारी वस्तू. नागपूरच्या सरांनी शेवटच्या दिवशी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की जे काही करून पाहायचं असेल ते नकलेवर करा, अस्सलला हात लावू नका. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या आईचं वर्तमानपत्र.

म्हणून मी प्रत्येक तालुक्याच्या दोन फ्लॉप्या केल्या. अस्सल कपाटात, कुलपात. रोजची नावं घालायला तेवढी बाहेर काढायची आणि संध्याकाळी परत आत ठेवायची. नक्कल टेबलावरच्या ट्रेमध्ये. दोन्हींवर माझ्याच अक्षरात तालुक्याचं नाव, त्यामुळे ओळखायच्या कशा हा प्रश्न होता. मी माझ्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक अस्सल फ्लॉपीच्या कोपऱ्यावर एक लाल टिकली चिकटवली. साहेब पाहून हसले. मलाही माझं फार कौतुक वाटलं. दर शनिवारी अस्सलवरून नवी नक्कल काढायची, हा नियमही माझाच.

त्या दिवसांत मी नाकानं कांदे सोलत होते. आमचे मोठे बाबू म्हणजे हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले, कपाळाला रोज गंध. ते म्हणाले, "पोरी, मशीन चालव तू. पण वही अन् शिक्का राहू दे. कागद बोलते नं मागून." मी म्हटलं, एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची? मशीन कशाला आणलंय मग? साहेब पुण्याकडचे, नवं काही म्हटलं की त्यांना पटायचं. वही बंद झाली. नाव चालू ठेवायला माणूस आला की त्याच्या कार्डावर जो गोल शिक्का मारायचे, तो ड्रॉवरमध्ये गेला.

पोळा झाल्यावरच्या सोमवारी एक माणूस आला. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजा या गावचा. तिशीचा असेल, पण गाल बसलेले. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सदरा, आणि कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं. त्यांच्या बौद्ध वस्तीतला तो पहिला मॅट्रिक. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, आणि आता हाही राबत होता. अकरा वर्षं झाली होती त्याच्या नावाला. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.

"यंदा शाळेतल्या शिपायाच्या जागा निघून राह्यल्या म्हणतेत, बाई. माह्या पुढचे सारे लागले. आता मीच हावो. चैताले माह्यं वय भरते, मंग काही उपेग नाई."

मी त्याचं नाव काढलं, तारीख घातली, बटण दाबलं. म्हटलं, झालं, जा. तो उभाच.

"शिक्का, बाई?"

"शिक्क्याचे दिवस गेले आता. मशीनमधी गेलं नाव."

"कागदावर काहीच नाई?"

"कागद फाटते, भिजते, हरवते. हे काही होत नाही. हे पाहा." मी तो जड पडदा दोन्ही हातांनी त्याच्याकडे वळवला. त्यानं वाकून आपलं नाव वाचलं, मग बापाचं, मग गावाचं, बोट काचेला न लावता, एकेक अक्षर. आपलं नाव असं उजेडात लिहिलेलं त्यानं कधी पाहिलं नसावं.

"मंग पक्कं झालं नं, बाई?"

"दगडावरची रेघ," मी म्हटलं. माझे शब्द मला आजही जसेच्या तसे पाठ आहेत.

पुढचे शनिवार माझे चुकत गेले, कारण साहेबांनी एक नवं काम दिलं होतं. तीन वर्षांत जे आले नाहीत त्यांची नावं हातानं शोधून काढायला महिना लागायचा. ते मशीननं आपोआप करावं, असा प्रोग्राम मी लिहीत होते. चांगलीच रमले होते त्यात. नक्कल काय, पुढच्या शनिवारी काढू, असं म्हणत पोळ्यापासून नवरात्र आलं. प्रोग्राम तयार झाला. तो बरोबर चालतो का हे पाहायची युक्तीही मी ठरवून ठेवली होती. त्याला पाच वर्षं पुढची तारीख द्यायची. म्हणजे मशीनच्या हिशेबानं कुणीच मुदतीत आलेलं नसेल आणि झाडून सगळी नावं जायला हवीत. एकही उरलं तर प्रोग्राममध्ये खोट. नकलेवर करायचं असल्यानं भीती नव्हती. दसऱ्याहून आले की करू म्हणून मी मलकापूरला गेले.

मी नसताना काय झालं ते मला नंतर शिपाई काकांनी सांगितलं. खंडेनवमीला आमच्या कार्यालयात सगळ्या अवजारांची पूजा व्हायची. टाइपरायटर, जीप, कुलपं, टाचण्यांची पेटीसुद्धा. यंदा मशीन आलेलं. पाट मांडला, मशीन आत होतं ते आतच पुजलं, आणि फ्लॉप्या पाटावर ठेवायच्या ठरल्या. काकांनी ट्रे उचलून आणला. मोठ्या बाबूंनी विचारलं, हे अस्सल आहे का? काका म्हणाले, नाई, अस्सल कपाटात राहते, बाई सांगत असतेत. त्यावर मोठे बाबू म्हणाले, "मंग ते काढा. नकलेची पूजा कोण करते?" कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. अस्सल फ्लॉप्या पाटावर आल्या. पूजेआधी अवजार पुसून घ्यायचं असतं. काकांनी ओल्या फडक्यानं एकेक फ्लॉपी नीट पुसली, कोपऱ्यावरची टिकली निघेना तर नखानं खरवडून काढली. मग मोठ्या बाबूंनी प्रत्येकीवर कुंकवाचं बोट उठवलं. पुजलेलं अवजार दसरा होईस्तोवर हलवायचं नसतं, म्हणून त्या दोन दिवस पाटावरच होत्या. कपाटातला रिकामा खण बरा दिसत नाही म्हणून ट्रेमधल्या फ्लॉप्या कपाटात गेल्या. दसऱ्यानंतर पाट उचलला आणि कुंकू लावलेल्या फ्लॉप्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवल्या. सगळं जिथल्या तिथं, स्वच्छ.

मी आले, सोनं वाटलं, मोठ्या बाबूंच्या पाया पडले. काका म्हणाले, बाई, तुमची मशीन पुजली बरं का, तुमी नव्हत्या तरी. मला बरं वाटलं. ट्रेमध्ये पाहिलं तर फ्लॉप्यांवर कुंकू. मी समजले, हाताशी होत्या त्या पुजल्या. कपाट बंद होतं. ते उघडून एकदा टिकल्या पाहायला मला किती वेळ लागला असता? मशीन सुरू व्हायला लागतो तेवढाही नाही. पण मला घाई होती माझा प्रोग्राम पाहायची.

ट्रेमधली पहिली हाताला आली ती खामगाव तालुक्याची. घातली, पाच वर्षं पुढची तारीख दिली, बटण दाबलं. मशीन थोडा वेळ कुरकुरलं आणि पडद्यावर शून्य आलं. एकही नाव उरलं नव्हतं. मी साहेबांना जाऊन सांगितलं की बरोबर चालतोय. त्यांनी चहा मागवला.

चहा पिऊन रोजच्या कामाला बसले. कपाटातून खामगावची फ्लॉपी काढली, लावली. शेवटचं नाव पाहिलं तर ते पोळ्याच्या आठवड्यातलं. त्याच्यानंतरचं काहीच नाही. मी फ्लॉपी काढून हातात उलटीपालटी केली. टिकली नव्हती. मग ट्रेमधली घेतली आणि पदरानं तिच्यावरचं कुंकू पुसलं. कोपऱ्यावर डिंकाचा एक लहान गोल चिकटून होता, त्याच्यावर धूळ बसायला लागली होती. मी ती पुन्हा मशीनला लावून पाहिली. शून्यच.

पुसलेली नावं परत येणार नव्हती. जागा वाया जाऊ नये म्हणून नाव मुळापासून काढायचं, असं मीच प्रोग्राममध्ये लिहिलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी डोळ्यांनी पाहिला.

मोठ्या बाबूंना मी नाही नाही ते बोलले. वय पाहिलं नाही, भरल्या ऑफिसात बोलले. काऊन उघडलं कपाट? कोणाले इचारून? ते खुर्चीत बसून होते. त्यांना अजून नक्की काय झालं ते कळलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "पोरी, देवाले खोटं कसं वाहाव? तूच म्हणे नं, खरं ते कपाटात राहते." आणि खरंच मीच म्हणायचे. अस्सल किती मोलाचं ते दहादा सांगितलं होतं. ते कपाटातच का राहायला हवं हे त्यांना किंवा काकांना कधी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं. ते पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मी हार दिला, पण माफी मागितली नाही. आज त्याची लाज वाटते.

साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "बाई, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. एका तालुक्याची यादी पुसली गेली हे बाहेर कळलं तर सगळ्या जिल्ह्याची यादी कोर्टात जाईल. कागद आहेत तेवढ्यांवरून भरून काढा."

बारा दिवस मी त्या जुन्या नकलेवरच भरत होते. नवीन नोंदणीचे फॉर्म होते, पोस्टानं आलेली कार्डं होती, ती सगळी पुन्हा घातली. राहिले ते पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत नाव चालू ठेवायला स्वतः येऊन गेलेले. त्यांची वही मी बंद करवली होती, शिक्का मी ड्रॉवरमध्ये टाकला होता. मी डोळे मिटून आठवत बसायचे. नऊ चेहरे आठवले, पाच नावं आठवली. पिंपळगावचा तो माणूस आठवला, वाकून वाचताना त्याच्या मानेवर दिसलेला सदऱ्याचा फाटका काठ आठवला, पण नाव काही केल्या आठवेना. पिंपळगावची चाळीसएक नावं यादीत होती. एकेक वाचून पाहिलं. यातला कोण? म्हटलं, येईल तो, मग पाहू. साहेब म्हणाले, पुरे आता.

कार्तिकात तोच प्रोग्राम अस्सलवर, खामगावपुरता त्या भरून काढलेल्या नकलेवर, खरी तारीख घालून चालवला. तीन वर्षांत न आलेल्यांची नावं गेली. उरलेली यादी छापली, साहेबांनी पानापानावर सही केली आणि वर पाठवली.

पौषात तो आला. तोच सदरा, वरून कुणाचा तरी जुना कोट. शाळेच्या शिपायांची बोलावणी गेली होती. त्याच्यामागून नोंद झालेल्या गावातल्या दुसऱ्याला आलं, त्याला आलं नव्हतं. माझ्याकडे न येता तो सरळ साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेबांनी मला आत बोलावलं. यादी त्यांच्यापुढे उघडी होती. त्याचं नाव आता मला कळलं, आणि ते यादीत नव्हतं.

"तुम्ही मुदतीत आला नाहीत," साहेब म्हणाले.

"आलो होतो, सायेब. पोया झाल्यावरच्या सोमवारी. या बाईनंच टाकलं माह्यं नाव, माह्यासमोर. मी वाचलं बी."

"कार्डावर शिक्का कुठे आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाई म्हणल्या, शिक्का लागत नाई."

साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. "बाई, तुम्हाला आठवतं का, हे आले होते ते?"

मी हो म्हटलं असतं तर सही झालेली यादी उघडावी लागली असती. का उघडली हे लिहावं लागलं असतं. माझा हुकूम माघात संपत होता. आईला डोळ्यांनी दिसेनासं होऊन शिवण बंद पडलेली. ही कारणं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितली. त्या क्षणी मी काही एवढा विचार केला नव्हता. मी नुसती घाबरले होते.

"आठवत नाही," मी म्हटलं. "रोज खूप लोक येतात."

तो चिडेल, ओरडेल असं मला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. तो साहेबांकडे वळला आणि म्हणाला, "असंन, सायेब. बाईले रोज पन्नास जण भेटतेत. कोणाकोणाले ध्यानात ठेवतीन त्या?"

साहेब सुटल्यासारखे खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, नवीन नोंद करून घ्या यांची. मी त्याला माझ्या खोलीत नेलं. चपला बाहेर काढा असं सांगायची गरज पडली नाही, त्याला आठवत होतं. मी नाव घातलं, बापाचं घातलं, गाव घातलं, आजची तारीख घातली. तालुक्याच्या यादीतलं ते सगळ्यात शेवटचं नाव. चैत्राला तीन महिने होते, आणि त्याच्या पुढे हजारांवर माणसं. हे त्यालाही कळत होतं. मी पडदा त्याच्याकडे वळवला, पण त्यानं वाचलं नाही.

मग मी मोठ्या बाबूंच्या टेबलाशी गेले. ड्रॉवरमधून गोल शिक्का काढला. शाईची गादी वाळून कडक झाली होती, तिच्यावर माठातलं पाणी शिंपडलं. त्याच्या नव्या कार्डावर शिक्का मारला. फिका उठला म्हणून दुसऱ्यांदा मारला. पुढं माझी नोकरी कायम झाली आणि तीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक माणसाला कागद दिला, शिक्का दिला, रोज संध्याकाळी नक्कल काढली. नवीन पोरं हसायची. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

त्यानं कार्ड दोन बोटांनी कडेला धरलं, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि दुधाच्या पिशवीत नीट गुंडाळलं. दारात जाऊन चपला घातल्या. मग तिथूनच वळून, खरंच विचारावं तसं त्यानं विचारलं, "आता पक्कं झालं नं, बाई?"

"हाव," मी म्हटलं.